आधी नाक

“आधी नाक. मग डोळे. मग हात. जीभ सगळ्यांत शेवटी. आणि नाक नको म्हणालं, तर बाकीच्यांना विचारायलासुद्धा जायचं नाही. कळलं?”

थोरल्या बहिणीचा आवाज असा अवचित यायचा, मागून कोणी बाही ओढावी तसा. थोरली जाऊन चार वर्षं झाली होती. पण आक्का खाडीकाठच्या उतारावर पाटी घेऊन बसली, की थोरली येऊन शेजारी उकिडवी बसलीच म्हणून समजावं.

“कळलं,” आक्का पुटपुटली. तिनं हातातलं पान चुरडून नाकाशी नेलं आणि सवयीनं डोळे मिटले. थंड हवा तेवढी आत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. पानाला वास नव्हता. बोटांना लागलेल्या चिखलाला नव्हता. पन्नास पावलांवर ओहोटीनं उघडी टाकलेली खाडी सकाळच्या उन्हात निथळत होती, तिलाही नव्हता. सगळं जग कोणीतरी धुऊन, पिळून, वाळत घातल्यासारखं झालं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला होता. दहा दिवस राहिला आणि जाताना नाक घेऊन गेला. तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून तिनं फिनेल सोसलं, पू सोसला, रोग्यांची भांडी सोसली, तेव्हा हे नाक हूं की चूं करत नव्हतं. निवृत्त होऊन जरा चांगलं काही हुंगायचे दिवस आले, तर ते निघून गेलं. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, ओसरेल. मग वाटलं, अशक्तपणा आहे, महिन्याभरात येईल. मग तिनं वाटणं सोडून दिलं.

शिंपल्यांचं तिला भय नव्हतं. शिंपला कानानं आणि हातानं कळतो. दोन शिंपले एकमेकांवर वाजवायचे. जिवंत असला तर गोटीसारखा टणक वाजतो, मेलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो. आत नुसता चिखल भरलेला असला तर हातात वाजवीपेक्षा जड लागतो. एवढी परीक्षा तिची बोटं झोपेतही करत. आज तासाभरात पाटीचा तळ भरला होता. घोळीची भाजीही तिनं खुडली होती. तिची जाड, गुळगुळीत पानं आंधळ्यालाही चुकायची नाहीत. आंबुशी होती, ती तर मूलही ओळखतं.

प्रश्न होता तो रानगाजराच्या कोवळ्या पाल्याचा. बारीक, कातरलेली, हिरवीगार पानं. शिंपले उकडलेल्या पाण्यात ती चिरून टाकली की दुखणेकऱ्याच्या तोंडाला चव येते. पण या पाल्याला एक तोतया भाऊ आहे. हुबेहूब तसाच उगवतो, तशीच कातरलेली पानं काढतो. पुढे उंच वाढला की त्याच्या देठावर जांभळे डाग पडतात आणि मग तो कोणालाही ओळखता येतो. पण कोवळेपणी दोघं एका पाळण्यातली. तेव्हा फरक एकच. एकाला चुरडलं तर गाजराचा वास येतो, आणि दुसऱ्याला उंदराच्या बिळाचा. थोरलीनं त्याचं नाव ठेवलं होतं उंदरी. “उंदरी पोटात गेली तर आधी तोंड मिरमिरतं, मग हात थरथरतात, मग पाय जातात. आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. माणूस स्वतःला जाताना बघतो.”

आक्कानं आठ महिने यावर एक तोड काढली होती. ती फक्त एकाच तुकड्यातून पाला खुडायची. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीमागे, जुन्या नांगरापासून सात पावलांवर. या तुकड्यात तीस वर्षांत उंदरी उगवली नव्हती. नाक गेलं तर गेलं, जागा तर कुठे जात नाही, असं ती स्वतःला समजावायची.

जागा खरंच कुठे गेली नव्हती. पण पावसाआधी पालिकेनं वरचा नाला उपसला होता आणि त्याचा गाळ या उतारावर आणून पसरला होता. गाळ आता वाळून, बसून, जुन्या मातीसारखाच दिसत होता. त्याच्यावर पालाही नेहमीसारखाच उगवला होता. उलट जरा जास्तच तजेलदार. आक्कानं चार मुठी खुडल्या, देवाचं नाव घेतलं आणि पाटी कमरेवर घेतली.

गल्लीतल्या शिंप्यानं शिवून दिलेला जाड कापडाचा एप्रन चिखलानं जड झाला होता. त्याला तीन खिसे होते. एक सुरीचा, एक रुमालाचा, आणि तिसरा कशाचा असं विचारल्यावर शिंपी म्हणाला होता, “तिसरा माझ्या वाट्याच्या पाल्याचा. विसरलात तर खिसा आठवण करील.”

*

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याची सून उभी होती. बाळंतीण होऊन सव्वा महिना झालेला. चेहरा पांढराफटक, खांद्यावर बाळ. नवरा दूर कामाला, घरात सासरा आणि ती. सासू कधीच गेलेली.

“आक्का, तुमचीच वाट बघत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे. पाला आहे का आज?”

“तुझ्यासाठीच तर एवढा खुडला,” आक्का म्हणाली. खरं तर तिचा रोजचा रिवाज असा, की पाटी आधी घरी न्यायची, पाला निवडायचा आणि मग जुड्या करून वाटायचा. पण पोर उन्हात उभी होती. ती परत केव्हा येणार, बाळ केव्हा झोपणार. आक्कानं तिथेच दोन मुठी पाला आणि ओंजळभर शिंपले तिच्या पिशवीत घातले.

“बाळाला धरा ना जरा,” सून म्हणाली. “पिशवी नीट करते.”

आक्कानं हात एप्रनला पुसले आणि बाळाला घेतलं. ऊन, मऊ, जिवंत ओझं. तिनं मान खाली घालून त्याच्या टाळूला नाक लावलं. दवाखान्यात तीस वर्षं प्रत्येक तान्ह्याला ती असंच हुंगायची. डॉक्टर रागवायचे, तरी हुंगायची. ताज्या दुधाचा आणि थोडासा पावाच्या भट्टीचा, असा तो वास. त्या वासापायी तिनं किती रात्रपाळ्या हसत काढल्या होत्या. ती आता हुंगत राहिली, हुंगत राहिली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं.

“काय झालं आक्का?”

“काही नाही. तुझ्यावर गेलंय नाक,” आक्का म्हणाली आणि बाळ परत दिलं.

“माझ्यावर? सगळे तर आजोबांवर गेलंय म्हणतात. नकटं.”

“मग तसं,” आक्का म्हणाली आणि चालू लागली.

दिलेला शब्द हासुद्धा एक नेमच असतो. उपास मोडला तर देव एक वेळ पदरात घेतो. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर क्षमा कोणाकडे मागायची? आक्का रोज सकाळी हात जोडताना हे मनाशी म्हणायची आणि रोज पाटी उचलायची.

थोरलीनं शब्द घेतला तो दवाखान्याच्या खाटेवर, शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी तिनं एक गोष्ट सांगितली, जी चाळीस वर्षं पोटात ठेवली होती. त्यांच्या आईचं नाक म्हातारपणी गेलं होतं. आईनं कोणाला सांगितलं नाही. कोणी सांगतं का? सगळी वस्ती जिच्या हातचा पाला डोळे झाकून खाते, तिनं उठून काय म्हणायचं? एका दुपारी वडील जेवून उठले आणि दारापर्यंत पोचले नाहीत. सगळ्यांनी म्हटलं, हृदय बंद पडलं. आईनंही तेच म्हटलं. भांडी घासायला थोरली बसली होती. पातेलं तिनं उचललं, तेव्हा त्याच्या तळाला उंदराचा वास होता.

“आईला मी कधी बोलले नाही,” थोरली म्हणाली होती. “पण तू मला शब्द दे. नाक जाईल त्या दिवशी पाटी खाली ठेवशील. आणि ज्यांच्या ज्यांच्या चुलीवर तुझा पाला शिजतो, त्यांच्या दारात स्वतः जाऊन सांगशील. निरोप धाडायचा नाही. स्वतः.”

आक्कानं तिच्या हातावर हात ठेवला होता. तेव्हा नाक जाणं म्हणजे शंभर वर्षांनंतरची गोष्ट वाटली होती.

तिनं शब्द मोडला नव्हता. नुसता उद्यावर टाकला होता. आठ महिने, रोज.

*

नवरा दारातल्या खुर्चीवर बसला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होता तो, पस्तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून खुर्ची, काठी आणि रस्त्यावरची वर्दळ एवढाच त्याचा मुलूख. डावा हात मांडीवर पाहुण्यासारखा पडलेला असे. उजवा मात्र शाबूत होता, आणि जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त.

“आलीस? आण इकडे तो पाला. निवडतो.”

“राहू दे हो. मी करते पटकन.”

“माझा धंदा बुडवू नकोस. पंप गेले, पाय गेले, आता पालाही काढून घेतेस?”

आक्का हसली. गेले काही महिने हे नवंच खूळ त्याला लागलं होतं. ताट मांडीवर घेऊन तो एकेक काडी निवडत बसायचा. तिला बरंच वाटायचं. माणसाला करायला काहीतरी हवं. तिनं उरलेला पाला ताटात ओतला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि शिंपले धुवायला मागे गेली. शिंपले चार पाण्यांतून काढले. हातपाय धुतले. चूल पेटवून पाणी चढवलं. ती बाहेर आली तेव्हा तो निवडत नव्हता. ताट बाजूला होतं, आणि त्याच्या गुडघ्यावर तीन पानं वेगळी काढून ठेवलेली होती.

“शिंप्याकडे दिलास का पाला?”

“दिला की. सून वाटेतच भेटली.”

“केव्हा?”

“आत्ता, येताना. अर्धा तास झाला असेल. का?”

त्यानं एक पान उचललं आणि तिच्यापुढे धरलं. “याचा वास घे.”

आक्कानं पान घेतलं, चुरडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. आठ महिन्यांत हे नाटक तिच्या अंगात मुरलं होतं. “हं,” ती म्हणाली. “चांगला आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता.

“येत नाही तुला वास,” तो म्हणाला. “माहीत आहे मला. पळ.”

*

शिंप्याचं दुकान पुढच्या खोलीत आणि घर मागच्या. आक्का पोचली तेव्हा शिलाईचं यंत्र थांबलेलं होतं. शिंपी टेबलाशी बसला होता. गळ्यात मोजपट्टी, हातात वाटी.

“या आक्का. सुनेनं वाढून ठेवलं आणि पोर रडायला लागलं. म्हटलं, गार कशाला होऊ द्यायचं? तिच्यासाठी पातेल्यात आहे अजून. शिंपले काय लागलेत आज.” त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “पाला जरा तिखट होता का हो? तोंडात मिरमिरतंय.”

आक्कानं वाटी त्याच्या हातातून घेतली. वाटी अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

“दादा, उठा. दवाखान्यात चला.”

“का? तुमच्या जुन्या मालकिणीला भेटायला?”

“पाल्यात नको ते पान गेलंय. उठा.”

तिचा आवाज ऐकून तो उठला. मागच्या खोलीच्या दारात सून बाळाला छातीशी धरून उभी होती. आक्कानं तिच्याकडे बघितलं.

“तू खाल्लंस?”

“नाही. हा उठला ना, म्हणून...”

आक्कानं आत जाऊन पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. पाण्यावर हिरवी पानं तरंगली, फिरली आणि जाळीवर अडकून राहिली.

दवाखाना गल्लीच्या पलीकडे. दोनशे पावलं. दीडशे पावलांपर्यंत शिंपी बोलत होता. “मी सांगतो आक्का, हे पालिकेच्या पाण्यामुळे...” मग तो म्हणाला, “पाय जरा हलके लागताहेत.” मग बोलला नाही. शेवटची पावलं आक्का आणि समोरून आलेला पोस्टमन यांनी त्याला धरून नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. आक्काच्या हाताखाली शिकल्या असं गमतीनं म्हणायच्या. नवऱ्यानं दाखवलेलं पान आक्कानं निघताना एप्रनच्या तिसऱ्या खिशात टाकलं होतं, ते काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, काय आहे, किती गेलं, केव्हा गेलं. डॉक्टरबाईंनी एकदाच पानाकडे पाहिलं आणि मग सगळे धावू लागले.

“आलं कसं हो हे?” शिंप्याच्या पोटातलं सगळं निघेपर्यंत दोन तास गेले, त्यानंतर डॉक्टरबाईंनी विचारलं.

आक्का भिंतीला टेकून उभी होती. तीस वर्षं ती याच भिंतीला टेकून उभी राहिली होती.

“नाल्याचा गाळ टाकलाय उतारावर,” ती म्हणाली. “त्यातून बी आलं असणार.”

यात एक शब्दही खोटा नव्हता.

“तरी तुमचं लक्ष म्हणून,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दुसरं कोणी असतं तर संध्याकाळपर्यंत कळलंही नसतं. आणि तोवर छाती थांबली असती. तुम्ही वाचवलंत त्यांना, आक्का.”

ती घरी परतेपर्यंत गल्लीत तेच झालं होतं. पोस्टमननं सांगितलं होतं, त्याच्या बायकोनं पुढे सांगितलं होतं. दारादारांतून माणसं म्हणत होती, आक्कानं नुसतं तोंड बघून ओळखलं. आक्का होती म्हणून. आक्काचं ज्ञान म्हणजे पुस्तकात नाही मिळायचं. बेकरीवाल्याच्या म्हातारीनं तर हात धरून तो डोळ्यांना लावला. आक्काला तो हात सोडवून घेता येईना.

*

संध्याकाळी चूल पेटली नाही. सकाळचे शिंपले पाण्यात तसेच होते. एखादा मधूनच उघडायचा, बुडबुडा सोडायचा आणि मिटायचा.

“केव्हा कळलं तुम्हाला?” आक्कानं विचारलं.

“दूध करपलं त्या दिवशी. घरभर धूर. मी इथून ओरडतोय आणि तू शेगडीशेजारी बसून खुशाल माझा शर्ट दुरुस्त करतेयस.”

“बोलला नाहीत ते.”

“तू तरी कुठे बोललीस?”

तो उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. उघडलेलं बोट सोडलं की परत मिटायचं.

“पंपघरात उंदरांची बिळं होती,” तो म्हणाला. “मोटरच्या खाली. पस्तीस वर्षं तो वास घेतला. डिझेलनं माझं सगळं नाक जळालं असेल, पण उंदीर कळतो. म्हणून म्हटलं, निवडतो. तू हातपाय धुवायला गेलीस की मी एकेक पान चुरडून बघायचो. गेल्या महिन्यात दोनदा निघालं. खिशात टाकलं, रात्री फेकलं.”

“दोनदा?” आक्का म्हणाली. “आणि तरी मला जाऊ दिलंत?”

“सांगितलं असतं तर तू पाटी टाकून बसली असतीस. मला माहीत आहे ना तुझ्या बहिणीचं प्रकरण, तूच सांगितलंयस. आणि बसून काय केलं असतंस इथे? दिवसभर माझं तोंड बघितलं असतंस?” तो जरासा हसला. “सकाळी पाटी घेऊन निघतेस तेव्हा वीस वर्षांनी लहान दिसतेस. म्हटलं, चालतंय तर चालू दे. एक नाक आणि दोन माणसं. जुन्या पंपाला नाही का आपण दुसऱ्या पंपाची झडप बसवत.”

“आणि आज झडप घरी राहिली.”

“हो,” तो म्हणाला. खिडकीतून शिंप्याच्या घराची भिंत दिसत होती. संध्याकाळच्या वेळी एरवी यंत्राची घरघर यायची. आज ती नव्हती. घरघर नसली की इतकी मोठी ऐकू येते, हे आक्काला माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली. शिंपी उशीला टेकून बसला होता. रंग परतला होता. पाय हलत होते. फक्त हात चादरीवर होते आणि दोन्ही हात थरथरत होते, वाऱ्यावर पान हलावं तसे.

“बसा आक्का. बघा, न वाजवता ढोल वाजवतोय.” त्यानं हात वर धरले. “डॉक्टरबाई म्हणाल्या, जाईल हळूहळू. आठ दिवस, महिना. कधीकधी थोडं राहतं म्हणे. मी म्हटलं, राहू दे. लोकांना झालर फुकटात मिळेल.”

आक्का हसली नाही. खाटेशेजारच्या कपाटावर त्याचा चष्मा होता, आणि चष्म्याशेजारी सुई-दोऱ्याची छोटी डबी. सून घेऊन आली असणार, मन रमायला. सुईत दोरा नव्हता. दोऱ्याचं टोक ओलं करून करून चपटं झालेलं दिसत होतं.

“दादा,” ती म्हणाली, “मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“आधी माझं ऐका. सून अशक्तच आहे. बाजारातल्या भाजीनं काही होत नाही. परवा ओहोटी सकाळची आहे ना? तिला पाला आणाल?” त्यानं आवाज खाली आणला. “ती घाबरलीय जरा. मी तिला म्हटलं, अगं, आक्का आहेत ना. त्यांनी एकदा हुंगून दिलं की मग विष असलं तरी औषध होईल. काल वाईट दिवस होता, एवढंच. वाईट दिवस कोणाला नसतो?”

बोलताना त्याचा थरथरता हात तिच्या मनगटावर आला. आक्काला वाटलं, ती थरथर आपल्याच हाडातून निघते आहे. ती बोलायला गेली, आणि त्याच वेळी आया तापमान घ्यायला आली. नवी मुलगी होती. “मावशी, जरा सरकता?” ती म्हणाली. आक्का सरकली. मग डॉक्टरबाई आल्या. मग सून आली, बाळाला घेऊन. सगळी जागा भरून गेली आणि आक्का दाराशी पोचली, आणि दाराबाहेर पोचली, आणि घरी आली. सांगितलं नाहीच.

त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा आईचं वाईट वाटलं. चार वर्षं ती आईवर मनातल्या मनात रागावून होती, की कशी गप्प राहिलीस. आता कळलं, गप्प राहायला काही करावं लागत नाही. नुसतं दाराकडे सरकत जावं लागतं.

*

परवाचा दिवस उजाडला. ओहोटी सकाळची होती. आक्का नेहमीच्या वेळी उठली, हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. नवरा जागा होता. त्यानं काठी टेकत टेकत खुर्ची गाठली आणि बघत बसला.

तिनं पाटी धुतली. विणीमध्ये जुनी वाळू अडकली होती, ती काडीनं काढली. सुरी घासली, पुसली, कोरड्या फडक्यात गुंडाळली. एप्रन खुंटीवरून काढला. तिसऱ्या खिशात वाळलेला पाल्याचा चुरा होता, तो उलटा करून झटकला. घडी घातली, एप्रन पाटीत ठेवला, सुरी त्यावर ठेवली आणि पाटी आतल्या फळीवर ठेवून दिली. वरच्या फळीवर, जिथे हात पोचायला स्टूल लागतं.

“शिंपले तरी आण म्हणतो मी,” नवरा म्हणाला. “शिंपल्याला नाक लागत नाही.”

“मी शब्द पाटीचा दिला होता,” आक्का म्हणाली. “नुसत्या पाल्याचा नव्हता.”

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “मीही दोषी आहे. माझंही सांग.”

“तुमचं तुम्ही सांगा. दारातच तर बसलेले असता.”

“कुठे कुठे जाणार?”

“आधी दवाखान्यात. शिंपीदादा. मग त्यांची सून. मग पोस्टमनकडे, मग बेकरीवाल्यांची म्हातारी. नळाजवळच्या दोन्ही घरी. मग शाळेच्या मागची बाई.” ती थांबली. “सात दारं आहेत.”

“परत कोणी काही मागायचं नाही मग तुझ्याकडे.”

“नाही मागायचं,” ती म्हणाली.

तिनं चपला घातल्या. केसांवरून हात फिरवला. नवऱ्याजवळून जाताना तिची पावलं अडली; तिनं वाकून त्याच्या खांद्याशी क्षणभर डोकं नेलं. साबण आणि पंपाचं तेल, असा वास तिथे चाळीस वर्षं होता. असेलही अजून. मग ती बाहेर पडली.

गल्लीच्या टोकाला रस्ता फुटायचा. डावीकडे उतार, बर्फाचा कारखाना, आणि पाणी मागे सरून उघडी पडलेली खाडी. उजवीकडे दवाखाना. बेकरीवाल्याची म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं हाक मारली, “निघालात का आक्का? आज माझ्यासाठी आंबुशी आणा हं थोडी.”

“येते मी तुमच्याकडे,” आक्का म्हणाली. “आधी एका ठिकाणी जाऊन येते.”

नवरा खुर्चीतून बघत होता. ती सावकाश चालत होती. हात रिकामे होते, तरी डावा हात कोपरात वाकून कमरेशी धरलेला होता, पाटीच्या काठाला धरावा तसा. टोकाशी पोचल्यावर तिच्या ते लक्षात आलं असावं. तिनं हात खाली सोडला, आणि ती उजवीकडे वळली.